वस्तऱ्याचे सात ओरखडे

ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या बाईंचा धाक असा, की सर्जनसुद्धा हात धुताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बघत धूत. एखाद्याच्या टाक्यात पू झाला, तर पेशंटची नव्हे, आपलीच अब्रू गेली असं मानणारी सिस्टर ती. हर्नियाच्या बाबतीत तर विचारूच नका. पोटाच्या कमजोर जागी जाळी बसवायची, आणि त्या जाळीला एकदा जंतू चिकटले की बहुतेकदा जाळीच उपटून काढावी लागते. म्हणून बाईंचे नियम होते. अँटिबायोटिक चीर देण्याआधी तासाभरात. जांघेला वस्तरा अजिबात नाही. केस काढायचेच तर ऑपरेशनच्याच सकाळी, मशीनने. वस्तऱ्याचे बारीक ओरखडे म्हणजे जंतूंना उघडं दार, असं बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलं होतं.

नियम येण्याआधी वस्तऱ्याचं ते काम वीस वर्षं मामांकडे होतं. मामा थिएटरमध्ये ट्रॉल्या ढकलायचे, पेशंट उचलून टेबलावर घ्यायचे. उचलून उचलून शेवटी त्यांच्याच जांघेत हर्नियाची गाठ आली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चहाच्या वेळी बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "उद्या मामांवर मशीन मीच चालवणार. वीस वर्षं लोकांना उघडं पाडलंत ना मामा? आता आमची पाळी!"

नर्स पोरी खो खो हसल्या. एकीच्या कपातला चहा सांडला. मामाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. बाईंना ते दिसलं. दिसलं म्हणूनच त्यांनी आणखी एक कोपरखळी मारली. "लाजताय काय नवरीसारखे? आम्हाला काय नवीन बघायचंय?"

माणसाची मजा उडवायला मिळाली की बाईंना चहा गोड लागायचा, हे खरं सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन घेऊन बाईंनी पडदा ओढला, चादर बाजूला केली आणि जागीच थबकल्या. जांघ गुळगुळीत होती. तिच्यावर सात लाल ओरखडे, आणि त्यातले दोन सुजून त्यांच्या पुळ्या झालेल्या.

"मामा, हे काय केलंत? कधी?"

"काल संध्याकाळी, घरी." मामा छताकडे बघत होते. "माझंच काम ते, बाई. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास."

काय करायचं ते बाईंना पाठ होतं. सर्जन सरांना एक वाक्य सांगायचं, ऑपरेशन पंधरा दिवस पुढे ढकलायचं. पण सर विचारणार, मामांसारख्या जाणत्या माणसाने असं का केलं? मग एखादी पोरगी चहाच्या वेळची गंमत सांगून मोकळी होणार. दोन वर्षांत एकही टाका पिकला नव्हता. पुढच्याच आठवड्यात त्याबद्दल बाईंचा सत्कार होता. बाईंनी तोंडातून ब्र काढला नाही. ओरखड्यांवर आयोडीनचा हात दिला, वाळू दिला, परत दिला. सर आले तेव्हा सगळी कातडी एकसारखी तपकिरी होती.

"बाईंनी तयार केलाय म्हटल्यावर आपण काय बघायचं?" सर म्हणाले आणि त्यांनी चीर दिली.

सत्कार झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी मामा तापाने फणफणत आले. टाक्यांतून पू वाहत होता. सहा आठवडे औषधं झाली, दोनदा जखम उघडून धुतली, शेवटी जाळी काढली. गाठ परत आली, आधीपेक्षा मोठी. वजन उचलायचं नाही, असं सरांनी कागदावर लिहून दिलं, आणि वजन न उचलणाऱ्या मामाला थिएटरमध्ये जागा नव्हती. मामांना घरी बसवलं.

पू झाला की चौकशीचा फॉर्म भरावा लागतो. तो बाईच भरतात. मामा अजून वॉर्डात होते तेव्हाच त्या फॉर्म घेऊन त्यांच्या कॉटपाशी गेल्या. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: 'स्पष्ट सूचना देऊनही रुग्णाने घरी वस्तरा वापरला.' त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

मामांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. मग आजूबाजूला बघून आवाज खाली आणला.

"बाई, त्या सकाळी ओरखडे तुम्ही बघितले होते, ते मी कुणाला बोललो नाही हं. सरांनी दोनदा विचारलं. म्हटलं, बाई आल्या तेव्हा मी आधीच औषध फासून घेतलं होतं, त्यांना काही दिसलंच नाही."

बाईंचा जीव भांड्यात पडला. तो पडल्याची लाज त्यांना वाटली, नाही असं नाही. पण आधी जीव भांड्यात पडला.

"माझ्या मूर्खपणापायी तुम्हाला कशाला बोलणी?" मामा म्हणाले. "तुमच्या हाताखाली इतकी वर्षं काढली मी."

काहीतरी बोलायला बाईंनी तोंड उघडलं.

"इथे," बाई म्हणाल्या आणि रिकाम्या रेघेवर बोट ठेवलं. "सही इथे करा."