बीडाच्या पट्टीतला अंगठा

धाकट्याला लाज म्हणून नव्हती. थोरला जाऊन वर्ष झालं नाही, तोच यानं कारखान्यात बाबा आणून बसवला आणि निम्मी गल्ली दारात गोळा केली. आईला आधी विचारायचं? छे!

पण बाबापुढची पट्टी पाहिली आणि आई रागवायचं विसरून पुढे सरकली.

थोरल्यानं आपल्या यंत्रावर केलेली ती शेवटची बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची पट्टी. बाबानं कानस चालवली. कडेला कीस पडला. मधल्या पट्ट्यावर मात्र कानस काचेवरून जावी तशी घसरली. तिथंच एकामागे एक, अंगठ्याच्या ठशासारख्या अर्धगोल वळ्या उमटल्या होत्या.

"लेकराचा अंगठा हा!" बाबा डोळे मिटून म्हणाला. "आत्मा लोखंडात शिरलाय. यंत्रासकट माझ्या मठात आणा, तरच सुटेल."

"आत्म्याला यंत्र कशाला हो? टेकून बसायला?" मागून कुणीतरी बोललं. त्याला बाकीच्यांनी गप्प केलं.

आई हसली नाही. तिनं वळ्यांवर बोट ठेवलं. गार होतं. तरी तिला वाटलं, आतून कुणी ते बोट धरतंय.

"बाळा," ती पुटपुटली.

थोरली सून पुढे झाली. तिचं आणि तिच्या मुलीचं पोट त्या यंत्रावर होतं. "आई, आधी माझं बघा. मग न्यायचं तर न्या यंत्र."

तिनं कोरी पट्टी आवळून बसवली. यंत्राचा टणक दांडा गरगर फिरवत पट्टीत दाबला आणि हळूहळू पुढे सरकवला. ना जाळ, ना मंत्र. नुसत्या घासण्यानं बीड लाल झालं. वितळलं नाही, पण कणकेसारखं मऊ होऊन ढवळलं गेलं. प्रत्येक फेऱ्याला दांड्यामागे एक वळी उमटत गेली.

पट्टी निवल्यावर तिनं कानस आईच्या हातात दिली. मधल्या पट्ट्यावर तीही घसरली! मग तिनं घण घालून पट्टी आडवी तोडली. तुटल्या जागी कडेचे दाणे जाडेभरडे, मधले डोळ्यांना दिसेनात इतके बारीक.

"ढवळल्यानं दाणे बारीक होतात, आई. शिवाय ते झटकन निवतं, म्हणून असं कठीण. ह्यांनीच शिकवलं मला."

आई बाबाकडे वळली. "मग ह्या पट्टीत कोण शिरलं? माझी सून मेली आणि मलाच कळलं नाही?"

बाबा चपला शोधू लागला.

आईनं दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून बोट फिरवलं. सारखंच गार. आत कुणी नव्हतं. डोळे कोरडे ठेवून ती धाकट्याला म्हणाली,

"तुझा दादा एकदा गेला होता, ते मी सोसलं. आज तू त्याला परत आणलास आणि पुन्हा नेलास. यापुढे कुणी नवल दाखवलं, तर आधी तेच स्वतः करून बघायचं, मग हात जोडायचे. तोवर कारखान्याच्या किल्ल्या वहिनीकडे. तू तिच्या हाताखाली शीक."