सुटल्यासारखं

श्रीनिवासरावांना कंपवात होऊन बरीच वर्षं झाली होती. हाताच्या थरथरीची सवय झाली होती, पण पाय ऐनवेळी जमिनीला चिकटायचे त्याला इलाज सापडत नव्हता. हैदराबादला चिक्कडपल्लीच्या घरात दर उंबऱ्याशी ते थिजून उभे राहायचे. मग त्यांची बायको सरोज दंडाला धरून "एक-दोन, एक-दोन" म्हणायची आणि पाऊल सुटायचं. बटणं तीच लावायची, गोळ्यांच्या वेळा तीच सांभाळायची. शाळेतली नोकरी तिनं त्यासाठी मुदतीआधीच सोडली होती.

मुलगी रुपाली विशाखापट्टणमला होती. तिथल्या एका डॉक्टरांनी तिला सांगितलं की या आजारात ज्यांना चालता येत नाही, त्यांच्यातल्या काहींना सायकल मात्र चालवता येते. तिनं हट्टानं दोघांना बोलावून घेतलं.

तिच्या घराजवळ समुद्राला लागून सायकलींसाठी वेगळा रस्ता होता. सपाट, गुळगुळीत, ना चढ ना खड्डा. रुपालीनं भाड्याची सायकल आणली. दोघींनी धरून श्रीनिवासरावांना सीटवर बसवलं. सायकल थोडी डुगडुगली. मग त्यांनी पायडल मारलं, आणि ते निघालेच.

सरोज बघतच राहिली. ताठ पाठ, सारखे फिरणारे पाय. कोर्टात वकिली करायचे तेव्हा हा माणूस असाच दिसायचा.

"आई, बघ ना! बाबा बघ!" रुपाली रडत होती.

सरोजच्याही डोळ्यांत पाणी आलं. पण ते वळेनात. काठी, पाण्याची बाटली आणि गोळ्यांची डबी घेऊन ती त्यांच्या मागे चालत निघाली. दगडी कठड्यापलीकडे लाटा फुटत होत्या. पोरी सायकलवरून तिला मागे टाकून जात होत्या.

लग्नानंतर तिनं एकदा सायकल मागितली होती, शाळेत जायला. "वकिलाच्या घरची सून सायकलवर? नक्को," ते म्हणाले होते. मग तिनं नोकरीभर सिटी बसच्या रांगा धरल्या.

ते परतले तेव्हा चेहरा उजळला होता. आजारानं दगड झालेल्या त्या चेहऱ्यावर हसू होतं.

"अहो, थांबा! गोळीची वेळ टळली."

"अजून एक फेरी," म्हणत ते तिच्या शेजारून निघून गेले. थांबले नाहीत, वळून पाहिलं नाही.

शेवटी दमल्यावर त्यांनी दुरूनच हाक दिली, "सरोज, धर!" एकट्यानं उतरणं त्यांना जमणार नव्हतं. तिनं धावत जाऊन हँडल पकडलं. पाय टेकले आणि लगेच चिकटले. ती "एक-दोन" म्हणू लागली.

बाकावर बसल्यावर ते रुपालीला म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दंडाला कोणाचा हात नव्हता बघ. सुटल्यासारखं वाटलं."

"कोणापासून?" सरोजनं विचारलं.

त्यांची सगळीच उत्तरं उशिरा यायची. हे जरा जास्तच उशिरा आलं. "आजारापासून गं."

मग रोजचंच झालं. ते सायकलवर, ती काठी घेऊन बाकावर. त्यांची भूक वाढली, झोप लागू लागली. एका दुपारी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "आता मी इथंच राहतो. हैदराबादच्या गल्लीत कुठं चालवणार? आणि सरोज आहेच की, चढवायला-उतरवायला."

तिला कोणी विचारलं नव्हतं. तिनं ताटातला घास संपवला.

"तुम्ही राहा. मी घरी जाते."

"आई, काय बोलतेस? बाबांना असं सोडून?"

"मी कुठं सोडतेय? सुटले म्हणाले ना ते."

श्रीनिवासरावांनी मान खाली घातली. ते काहीतरी म्हणतील म्हणून ती थांबली. ते म्हणाले, "मग मला धरणार कोण?"

रुपालीनं एक माणूस ठेवला. सरोज नामपल्ली स्टेशनवर एकटीच उतरली. घराचे जिने चढताना शेजारच्या भाग्यलक्ष्मीनं विचारलं, "अंकल नै आये, आंटी?"

"नै. वो उधरीच अच्छे हैं," ती म्हणाली.

आता रोज सकाळी त्यांचा फोन येतो. ते कुठवर गेले, वारं किती होतं, तो नवा माणूस कसा आडदांडपणे धरतो, सगळं सांगतात. तिचं कसं चाललंय हे अजून विचारलेलं नाही. ती ऐकते. परवा मध्येच म्हणाले, "कधी येतेस?"

"बघू," ती म्हणाली.

गोळीच्या वेळेला ती अजून हातातलं काम टाकून उठते. मग आठवतं, आणि राग येतो. त्यांचा येतो, आणि असं उठणाऱ्या स्वतःचाही येतो.