कमी उडालेलं विमान

कॅप्टननी विमान विकायला काढलं त्याला सात महिने झाले होते, आणि ते विकलं जाऊ नये म्हणून त्यांनी सातही महिने जिवाचं रान केलं होतं.

कॅप्टन हे नुसतं म्हणायचं. मुळात माणूस दातांचा डॉक्टर. लोकांच्या तोंडात डोकावण्यात निम्मं आयुष्य गेल्यावर पंचावन्नाव्या वर्षी त्यांना आभाळ आठवलं आणि त्यांनी विमान घेतलं. तेही साधंसुधं नाही. चार सीटचं, एकाच इंजिनाचं, पण टर्बो बसवलेलं, तीनशे दहा घोड्यांच्या ताकदीचं, वर गेलं की चाकं पोटात घेणारं आणि ताशी साडेतीनशे किलोमीटर सहज कापणारं. शेजाऱ्यांनी आधी थट्टेने कॅप्टन म्हणायला सुरुवात केली. मग सवय झाली. मग कॅप्टनना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं, आणि टोपणनावाची नशा एकदा चढली की तिच्यावर उतारा नाही.

पहिली आठ वर्षं ते खरोखर उडाले, हे कबूल करायला हवं. उगाच कुणाच्या नावाने खडे कशाला फोडा? दर रविवारी साडेनऊला निघायचे, साडेबाराला परतायचे. मग तीन वर्षांपूर्वी एकदा उतरताना आडवा वारा लागला. विमान धावपट्टीवर आपटलं, उसळलं, तिरपं झालं, पुन्हा आपटलं आणि थांबलं. ओरखडासुद्धा उठला नाही. कॅप्टनची मात्र पाचावर धारण बसली ती कायमची. पुढच्या रविवारी त्यांनी सीटवर बसून पेडलवर पाय ठेवले, तर इंजिन सुरू करायला हात पुढे होईना. तीन तास ते हँगरमध्ये तसेच बसून राहिले आणि घरी गेले. "कसं झालं आज?" असं बायकोने विचारल्यावर म्हणाले, "छान. वरून नदी काय दिसत होती!"

खोटं बोलायला एक वाक्य लागलं, ते निभवायला तीन वर्षं लागली. दर रविवारी ते हँगरमध्ये यायचे. शर्टाला तेलाचा वास लागावा म्हणून जमिनीवरच दहा मिनिटं इंजिन चालवायचे, हात थोडे काळे करून घ्यायचे आणि उरलेला वेळ शब्दकोडी सोडवायचे. हे फक्त हँगरच्या मेस्त्रीला माहीत होतं. मेस्त्री तोंडाचा घट्ट होता, आणि त्याच्या त्या तोंडातल्या दोन दाढा कॅप्टननी फुकट बसवून दिल्या होत्या.

कॅप्टनची बायको गणित शिकवून निवृत्त झालेली. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. एके दिवशी मास्तरीणबाई म्हणाल्या, "सहासष्ट झालं वय. विका आता ते." कॅप्टनना मनातून कोण आनंद झाला! चेहरा मात्र त्यांनी बरोबर पाडला आणि भेटेल त्याला सांगायला लागले, "काय करणार, हिला भीती वाटते ना." सगळं झकास जमलं होतं. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात उशिरा आली. विमानाबरोबर त्याचं लॉगबुक द्यावं लागतं, आणि लॉगबुकात एकूण एक उड्डाण तारीखवार लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक ते वाचणार, प्रश्न विचारणार, आणि गोष्ट घरापर्यंत येणार. सगळ्या जगाने भित्रा म्हटलं असतं तरी कॅप्टननी सोसलं असतं. तिने म्हणू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा लॉगबुक बँकेच्या लॉकरमध्ये होतं आणि लॉकरची किल्ली हरवली होती. दुसऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी विमानाचे इतके दोष ऐकवले, की ते बिचारं नमस्कार करून परत गेलं. शेवटी दलालाने सरळ घरी फोन लावला. "बाई, तुमचे साहेब विमान विकतायत की स्वतःची किडनी?"

"पुढचं गिऱ्हाईक कधी येतंय?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"शनिवारी सकाळी."

"मग मी येते."

कॅप्टननी खूप समजावलं. तिथे धूळ असते, बसायला जागा नसते, तेलाच्या वासाने तुझं डोकं चढेल. पण मास्तरीणबाईंनी चाळीस वर्षं वर्गातल्या पोरांची निमित्तं ऐकली होती. शनिवारी त्या गाडीत कॅप्टनच्या आधी जाऊन बसल्या.

हँगर म्हणजे उंच पत्र्याची शेड. एका भिंतीला मेस्त्रीचं बाक, त्याच्यावर पान्यांची ओळ, कोपऱ्यात तेलाचं पिंप. मधोमध पांढरं, निळ्या पट्ट्याचं, चकचकीत पुसलेलं विमान. आणि त्याच्या पंखाखाली एक घडीची खुर्ची. मास्तरीणबाईंनी विमानाकडे पाहिलंच नाही.

"ही उशी आपल्या सोफ्याची ना?"

"असेल," कॅप्टन म्हणाले.

"दोन वर्षं शोधतेय मी ती."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. भाजीपाल्याची तीन शीतगृहं चालवणारी पंचेचाळिशीची उंच बाई, स्वतः विमान उडवणारी. बरोबर तिचा स्वतःचा मेकॅनिक होता, हातात छोटी पेटी घेतलेला. शीतगृहवालीने विमानाभोवती एक फेरी मारली, पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "डॉक्टर, ठेवलंय मात्र नव्यासारखं. लॉगबुक बघू."

"ते लॉकरमध्ये..." कॅप्टननी सुरुवात केली.

"हे घ्या," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून जाड निळी वही काढली. "लॉकरमध्ये कुठलं? माळ्यावर, यांच्या जुन्या कवळ्यांच्या साच्यांखाली होतं. काल रात्री सापडलं." नवऱ्याची अडचण दूर केल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. वही उघडून बघण्याचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. कॅप्टनच्या पायाखालची जमीन सरकली.

शीतगृहवाली बाकाला टेकून पानं उलटायला लागली. इकडे तिच्या मेकॅनिकने इंजिनाचं झाकण काढलं, एकेक प्लग सोडवला आणि पेटीतून बारीक तारेला लावलेला कॅमेरा काढून सिलिंडरच्या आत सरकवला. पेटीतल्या छोट्या पडद्यावर आतली भिंत दिसायला लागली. कॅप्टनना हे दृश्य ओळखीचं होतं. फक्त आजवर ते आरसा धरणाऱ्याच्या बाजूला असायचे, आज खुर्चीत आ वासून बसलेल्याच्या बाजूला होते.

"दोन नंबरला गंज," मेकॅनिक म्हणाला. "पाच नंबरलाही."

"गंज कसा असेल?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "किती जपतात ते! आणि कमीच तर वापरलंय, अकरा वर्षांत फक्त रविवारी."

"बाई, मोटार कमी चालली की भाव चढतो. विमान कमी उडालं की उतरतो. उभं राहिलेलं इंजिन आतून गंजतं." त्याने कॅमेरा जरा फिरवला. "आणि हे तर नुसतं उभंही ठेवलेलं नाही. कुणीतरी जमिनीवरच थोडा थोडा वेळ चालवलंय. तेल नीट तापायच्या आत बंद केलं, की वाफेचं पाणी आतच साचतं. त्यापेक्षा हात लावला नसता तर बरं होतं."

मेस्त्रीला एकदम एक पाना सापडेनासा झाला. तो खाली वाकून बाकाखाली शोधायला लागला.

शीतगृहवालीने वहीतून मान वर केली. "बरोबर आहे. शेवटचं उड्डाण तीन वर्षांपूर्वीचं. पुढे नुसते वार्षिक तपासणीचे शिक्के."

"काहीतरी चुकतंय तुमचं," मास्तरीणबाई हसून म्हणाल्या. "हे दर रविवारी उडतात."

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून काही तांबडं फुटायचं राहत नाही. तरी कॅप्टननी एक शेवटचा हात मारून पाहिला. "नोंदी करायच्या राहून गेल्या असतील."

"इंजिनाचे तास मोजणारं मीटर आहे की," शीतगृहवाली म्हणाली. वाकून तिने आतला आकडा पाहिला आणि वहीतल्या आकड्याशी ताडला. "तीन वर्षांत इंजिन पंचवीस तास चाललंय."

मास्तरीणबाईंना कागद लागला नाही. "दीडशे रविवार," त्या हळूच म्हणाल्या. "रविवारी दहा मिनिटं." मग त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. "बाकीचा वेळ काय करायचात हो?"

"बसायचो."

"बसून?"

"शब्दकोडी."

कॅप्टन वाट पाहत होते ती 'भित्रे' या शब्दाची. तो आलाच नाही. आलं ते भलतंच.

"आणि मी?" मास्तरीणबाईंचा आवाज चढला. "साडेनऊ ते साडेबारा मी खिडकीपाशी जीव मुठीत धरून बसायचे. वारा सुटला की उठून आभाळ बघायचे. फोन वाजला की वाटायचं, झालं, आला निरोप. तुम्ही येईपर्यंत घशाखाली घोट उतरायचा नाही. त्या काळजीने ब्लडप्रेशरच्या गोळ्या सुरू झाल्या, तर तुम्ही मला म्हणालात, मीठ कमी कर! आणि तुम्ही इथे सावलीत, माझ्याच उशीवर टेकून, आडवे-उभे शब्द भरत होतात? एकदा सांगायचं होतंत की भीती वाटते. मी काय हसले असते? मी पेढे... मी मोकळा श्वास घेतला असता!"

कॅप्टन खाली मान घालून उभे राहिले. तीन वर्षांत त्यांनी स्वतःच्या लाजेचा हजार वेळा विचार केला होता. खिडकीपाशी कोण बसलंय, हे एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं. ते आत्ता आलं, आणि त्यांना स्वतःची अशी लाज वाटली की तिच्यापुढे आधीची लाज काहीच नव्हती.

शीतगृहवालीने घसा खाकरला. व्यवहाराची माणसं नवरा-बायकोच्या भांडणात फार वेळ अडकत नाहीत. "गंज वरवरचा आहे. आज उडायला धोका नाही ना?" तिने मेकॅनिकला विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. बाकाखालून मेस्त्रीनेही नाही म्हटलं. "मग दोन सिलिंडर बदलायचा खर्च किमतीतून वजा. पण आधी एक फेरी मारून बघते. माझा एक नियम आहे, मालक शेजारी बसला तरच मी विकाऊ विमान उडवते. ज्याच्यात विकणारा बसत नाही, ते मी घेत नाही. चला डॉक्टर."

कॅप्टननी पंखावर हात ठेवला. पाय काही उचलेना. सगळे बघत होते.

"मला भीती वाटते," ते म्हणाले.

एवढी तीन वर्षं झाकलेली गोष्ट, पण बोलायला श्वासभरही वेळ लागला नाही.

"मालक मीही आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "कागदावर अर्धं माझ्या नावावर आहे. मी बसते."

"अगं, तू?" कॅप्टन दचकले. "तुला तर..."

"एकदा बघू तर द्या, मी एवढी वर्षं कशाला घाबरत होते ते." पर्स त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली आणि पंखावर पाय ठेवून चढल्यासुद्धा. उशी मागून घेतली. सीट खोल होती.

"पंधरा मिनिटांत येतो," शीतगृहवालीने सांगितलं आणि दार लावून घेतलं.

विमान धावपट्टीवरून सुटलं, चाकं पोटात गेली आणि बघता बघता ते टेकडीपलीकडे ठिपका होऊन दिसेनासं झालं. आवाजही गेला. मग कॅप्टनना आठवलं, दोन नंबरला गंज आहे. पाच नंबरलाही आहे. तो कुणी आणला, हेही त्यांना आठवलं. धोका नाही असं दोघांनी सांगितलं होतं, पण एक परका होता आणि दुसऱ्याच्या दाढा त्यांनी फुकट बसवल्या होत्या. भिडेपोटी माणूस काय वाटेल ते बोलतो.

"बसा साहेब," मेस्त्रीने खुर्ची पुढे केली. कॅप्टन बसले नाहीत.

पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. धावपट्टीच्या टोकाला काठीवरची वाऱ्याची पिशवी हळूच आडवी झाली.

"मेस्त्री, वारा फिरला बघ. वायरलेसवर बोलाव त्यांना."

मेस्त्रीने बोलावलं. खरखर झाली आणि मास्तरीणबाईंचाच आवाज आला, मोठा, वर्गात ऐकू जाईल असा. "इतक्यात नाही. मी अजून एक चक्कर मागितलीय."

"अगं, खाली ये!" कॅप्टन ओरडले. पण बटण मेस्त्रीच्या हातात होतं आणि त्याने ते सोडलेलं होतं. कॅप्टन हँगरच्या दारातून धावपट्टीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मेस्त्रीने पाणी दिलं, ते गिळवलं नाही. आभाळात एक घार दिसली तरी त्यांच्या काळजाचं पाणी होत होतं.

शेवटी विमान आलं. वाऱ्यात जरा डुललं, सरळ झालं आणि अलगद टेकलं. कॅप्टन भर दुपारी घामाने निथळत तिथेच उभे राहिले.

शीतगृहवाली आधी उतरली आणि लगेच भावाला लागली. सिलिंडरचे किती, रंगाचे किती, टायर झिजलेत त्याचे किती. ज्या माणसाने सात महिने गिऱ्हाइकाला दारात उभं केलं नव्हतं, तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल ते. घेऊन जा." ती चकितच झाली. घासाघीस करायची तिची सगळी तयारी वाया गेली.

मास्तरीणबाई पंखावरून उतरल्या. केस विस्कटलेले, गाल लाल. नवऱ्याला काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण कॅप्टनचा चेहरा पाहून त्या थांबल्या. त्यांच्या छातीशी घट्ट धरलेली आपली पर्स त्यांनी हळूच सोडवून घेतली. मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"चाळीसच मिनिटं झाली, अहो," त्या म्हणाल्या.