पारा दोनशे चारवर गेला तेव्हा

मित्रांनो, मला खोटं बोलता येत नाही. हा काही माझा मोठेपणा नाही, माझी घडणच तशी आहे. मी पाऱ्याचा रक्तदाबमापक आहे. लोक मला बीपीचं मशीन म्हणतात. राखाडी पत्र्याची पेटी, आत काचेची उभी नळी, नळीत पारा, एका रबरी नळीला हवा भरायचा फुगा आणि दुसरीला दंडावर गुंडाळायचा कापडी पट्टा, एवढाच माझा संसार. काचेच्या कडेला शून्यापासून तीनशेपर्यंत रेघा आहेत आणि प्रत्येक रेघ दोनाची आहे. माझ्याकडे बघून कोणी एकशे सदतीस लिहिलं, तर समजा की त्याने बघितलंच नाही. माझ्यात विषम आकडा नाहीच.

एकोणीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात मला जोडलं आणि दोन वेगवेगळ्या माणसांनी दोनदा तपासलं, मगच खोक्यात ठेवलं. तिथून मी थेट सुरतला आलो. बमरोलीच्या बाजूला, यंत्रमागांच्या कारखान्यांमागे, कामगारांच्या खोल्यांच्या मधोमध एक छोटं आरोग्य केंद्र आहे. तिथल्या टेबलावर माझी नेमणूक झाली.

पहिली अकरा वर्षं मी कुंदनबेनच्या हाताखाली होतो. कुंदनबेन फार मायाळू नर्स होती. रोज शंभर माणसं, एक पंखा, तरी ती कधी कोणावर ओरडली नाही. पण आकड्याच्या बाबतीत तिचा हात सैल होता. पारा एकशे छत्तीसवर असो की एकशे छेचाळीसवर, ती एकशे चाळीस लिहून मोकळी व्हायची. कागदावर पाहिलं तर सगळ्या वस्तीचा रक्तदाब एकच होता. मला फार वाईट वाटायचं. मोजणाऱ्याने बघितलंच नाही, तर रेघांचा उपयोग काय?

मग डिजिटल मशीन आलं. बटण दाबलं की आकडा हजर. मला कपाटावर टाकलं. तीन वर्षं माझ्यावर लसीकरणाच्या जुन्या फाइली होत्या. फुग्याचं रबर तडकलं, पट्ट्याला उंदराने चव घेतली. त्या तीन वर्षांत माझी आठवण फक्त रंगाऱ्याला आली, आणि तीही मला बाजूला सरकवण्यापुरती.

मला खाली उतरवलं ते उज्ज्वलाताईंनी. त्या शिरपूरकडच्या, वाढलेल्या सुरतेत. पहिल्याच आठवड्यात डिजिटल मशीनने एकाच माणसाचे तीन आकडे तीन तऱ्हेचे दाखवले. त्यांनी स्टुलावर चढून मला काढलं, फुंकर मारली आणि औषधं देणाऱ्या महेशभाईंना म्हणाल्या, "याला दुरुस्तीला पाठवा."

"सिस्टर, भंगारवाला पण घेणार नाही ते," महेशभाई म्हणाले.

"भंगारवाल्याला कोण देतंय? मला याच्यावर त्या दुसऱ्याला तपासायचंय."

मी नवा फुगा, नवा पट्टा आणि पुरता पारा घेऊन परत आलो. तेव्हापासून आमच्या केंद्रातलं प्रत्येक डिजिटल मशीन महिन्यातून एकदा माझ्या शेजारी बसून आपला आकडा पडताळून घेतं. मला याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

पण मित्रांनो, माझ्या आयुष्यातली खरी गोष्ट आकड्यांच्या पलीकडची आहे.

केंद्रात डॉक्टर अपर्णा आल्या आणि कामाची पद्धत बदलली. सुरतेत सगळ्या बायका बेन असतात, तशा त्याही अपर्णाबेन झाल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्याला साखरेचा आणि बीपीचा आजार वर्षानुवर्षं आहे, त्याचं मन थकलेलं असू शकतं. मन थकलं की तो गोळ्या सोडतो, गोळ्या सोडल्या की साखर चढते. म्हणून तिन्हींची तपासणी एकाच टेबलावर, एकाच कार्डावर करायची. नर्सने प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही, असं झालं का? उदास, निराश वाटलं का? उत्तर हो आलं तर पुढचे प्रश्न.

पहिला महिना कोणी उत्तरच देईना. प्रश्न कानावर पडला की लोक उठून जायचे. "टेन्शन कोणाला नाही ताई, चला, कामाच्या पाळीची वेळ झाली."

तेव्हा उज्ज्वलाताईंनी युक्ती काढली. त्या आधी माझा पट्टा दंडाला बांधायच्या आणि मग प्रश्न विचारायच्या. माझ्या नळीने पेटीला जोडलेला माणूस उठून जाणार कुठे? तो बसायचा. बसला की बोलायचा. बोलणं संपलं की ताई त्याला पाच मिनिटं गप्प बसवायच्या, कारण बोलता बोलता घेतलेला आकडा चुकतो, आणि मगच फुगा दाबायच्या. सासू, सून, मूळव्याध, झोप, मुकादम, मी सगळं ऐकलं. महेशभाई खिडकीतून टोमणा मारायचे, "सिस्टर, बीपी मोजताय की लग्न जुळवताय?"

"तुमचंही जुळवते. या, हात पुढे करा."

महेशभाई कधी पुढे आले नाहीत.

आता भिकनभाऊंबद्दल सांगतो. वय अठ्ठेचाळीस, गाव अमळनेरकडचं, सुरतेत सव्वीस वर्षं यंत्रमागावर. एकेकाळी एकटे आठ माग सांभाळायचे. साखरेने नजर अधू झाली. तुटलेला धागा वेळेत दिसेना, कापडात डाग पडू लागले, आणि मुकादमाने आठाचे चार माग केले. मार्चमध्ये ते माझ्याकडे आले तेव्हा पारा एकशे अडुसष्टवर होता. ताईंनी दोन्ही प्रश्न विचारले. भिकनभाऊ जमिनीकडे बघत आपल्या अहिराणीत म्हणाले, "तसं काही नही ताई. थकवा शे फक्त."

कार्डावर दोन्ही प्रश्नांपुढे 'नाही' लिहिलं गेलं. अपर्णाबेननी बीपीची गोळी वाढवली.

एप्रिल संपत आला आणि अखाजी जवळ आली. तुमच्यापैकी जे खानदेशातले नाहीत त्यांना सांगतो, अक्षय्य तृतीयेला तिकडे अखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी होतात. आमच्या वस्तीतल्या खोल्यांना त्या दिवसांत ओळीने कुलपं दिसतात. त्या महिन्यात न आलेल्या रुग्णांची यादी ताईंसमोर होती. सतरा नावं. त्यांनी एकेका नावापुढे दोन शब्द लिहिले, 'गावी गेले'. फोन केला नाही, शेजारी विचारलं नाही. दुसऱ्या गावची नर्स असती तर कदाचित विचारलं असतं. ताई पडल्या खानदेशच्या. अखाजीला आपला माणूस सुरतेत थांबत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बारावं नाव भिकनभाऊंचं होतं.

तीन आठवड्यांनी चिंधाभाऊ आले. हे भिकनभाऊंच्या शेजारच्या खोलीत राहतात, त्यांच्याच कारखान्यात काम करतात आणि गावाहून आदल्या दिवशी परतले होते. ताईंनी पट्टा बांधला आणि सहज विचारलं, "भिकनभाऊ काय म्हणतात? गावाकडे भेट झाली असेल."

"भिकन? तो गावले गयाच नही. खोलीवरच पडेल शे."

"आणि त्यांच्या घरच्या, शोभावहिनी?"

"वहिनी गई ना अखाजीना पंधरा दिवस आधी. त्यानी तिले सांगं, तू पुढे चाल, मी मागून येस. मी काल दार वाजाडं तर म्हने, झोपू दे."

 ताईंनी पट्टा सोडला. माझ्या उभ्या आयुष्यात आकडा न घेता मला कोणाच्या दंडावरून काढल्याची ती पहिली वेळ. चिंधाभाऊ म्हणाले, "अरे, मन्हं बीपी?"

"तुमचं बीपी बरं आहे. तुमच्या तोंडावर दिसतंय. चला, मला खोली दाखवा."

असं त्या कधी बोलत नाहीत. तेवढ्या घाईतही त्यांनी मला उजवीकडे कलतं केलं, पारा खालच्या कुपीत उतरू दिला, खिट्टी लावली आणि मगच पिशवीत घातलं. पारा सांडला तर विष असतो. घाई असली तरी ज्याचं त्याचं जपलं पाहिजे.

भरदुपार होती. खोली एका कारखान्याच्या माडीवर होती; खाली माग खडखडत होते आणि वरची फरशी थरथरत होती. दार लोटलेलं होतं. भिकनभाऊ खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. फळीवर गोळ्यांची पाकिटं एकावर एक नीट रचलेली, एकही न फोडलेली. पायाच्या अंगठ्याला जखम होती आणि तिच्यावर नुसता रुमाल.

"भाऊ, उठता का? मी उज्ज्वला."

ते उठून बसले. "ताई, तुम्हीन कसाले तरास लिधा?"

ताई शेजारी बसल्या आणि पट्टा बांधला. त्या दंडाला मी ओळखलं नाही. मार्चमध्ये मी तीन वेढ्यांत बसलो होतो, आता चौथा वेढाही सैल पडत होता. पाच मिनिटं कोणीच बोललं नाही. मग त्यांनी फुगा दाबला. पारा चढत गेला. वरचा आकडा दोनशे चार, खालचा एकशे अठरा.

मी खोटं बोलत नाही म्हणालो ना? त्या दिवशी मला वाटलं, बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

ताईंनी आकडा लिहिला आणि म्हणाल्या, "भाऊ, एक चूक कबूल करते. तुम्ही आला नाहीत, तर मी न विचारता तुमच्या नावापुढे 'गावी गेले' लिहिलं."

भिकनभाऊ हसले. ते हसू मला अजून आठवतं. "मेलो असतो, तरी तेच लिहिलं असतं ना ताई?"

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. "हो. तेच लिहिलं असतं. म्हणून आता सरळ विचारते. जीव द्यावासा वाटतो का?"

चिंधाभाऊंनी आत येऊन दार लोटून घेतलं. खालचे माग खडखडत राहिले. भिकनभाऊ अंगठ्यावरचा रुमाल सारखा करत बोलले. "जीव देत नाही. पण सकाळी डोळा उघडला नाही तर बरं, असं रोज वाटतं. मार्चमध्येही वाटायचं. तुम्ही विचारलं, तेव्हा लाज वाटली. आठ माग चालवणारा माणूस, त्याने काय रडायचं? गावाला गेलो असतो तर लेकीबाळी गाताहेत आणि मी मध्ये मेल्यासारखा बसलोय, असं झालं असतं. म्हणून नाही गेलो."

"अरे, मी भिंतीपलीकडे राहतो!" चिंधाभाऊ ओरडले. "एक हाक मारता आली नाही तुला?"

"तू घोरत होतास," भिकनभाऊ म्हणाले.

रिक्षाने आम्ही सगळे केंद्रात आलो. अपर्णाबेननी जखम धुतली, साखर तपासली आणि उरलेले प्रश्न एकेक करून विचारले. मोठ्या इस्पितळातल्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांना त्यांनी भिकनभाऊंच्या समोरच फोन लावला. तो ऐकून भिकनभाऊंनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. "बेन, मला वेड्यांच्या विभागात पाठवू नका. मी जाणार नाही."

"आज नाही पाठवत. हे आमचंच काम आहे. साखर इथे, बीपी इथे, मनही इथेच. पण दोन अटी आहेत. तुम्ही एकटे राहायचं नाही, आणि कधी नकोच वाटलं जगणं, तर रात्र असो की दिवस, आधी सिस्टरला फोन करायचा. आणि गुण आला नाही, तर मी स्वतः तुमच्याबरोबर तिकडे येईन."

ती रात्र चिंधाभाऊ सोबतीला राहिले. ताईंचा फोन गेला होता; दुसऱ्या दिवशी शोभाबाई गावाहून आल्या आणि स्टेशनवरून थेट केंद्रात. "रोज फोनवर म्हणायचे, डबल पाळी करतोय! खाटेवर डबल पाळी चालू होती यांची!" असं म्हणून त्यांनी नवऱ्याला सगळ्यांसमोर झाडलं, मग पदर तोंडाला लावून बाकावर बसल्या. त्या दिवसापासून गोळ्या त्यांच्या हातात आल्या.

मित्रांनो, पुढचं सगळं सुरळीत झालं, असं मी सांगणार नाही. पहिल्या आठवड्यात एकशे शहात्तर. दुसऱ्यात एकशे अठ्ठ्याऐंशी, कारण मोठ्या डॉक्टरांनी फोनवर सुचवलेल्या मनाच्या गोळीने मळमळतं म्हणून त्यांनी सगळ्याच गोळ्या बंद केल्या होत्या. ताई दर मंगळवारी फोन करायच्या आणि शनिवारी समोर बसवायच्या. चौथ्या आठवड्यात झोप लागली. सहाव्या आठवड्यात भिकनभाऊ खेकसले, "ताई, हा पट्टा किती आवळता?" ताईंना इतका आनंद झाला की त्यांनी ती तक्रार कार्डावर लिहून ठेवली. अंगठ्याची जखम भरली. डोळ्यांची तपासणी झाली, चष्मा लागला.

नवव्या आठवड्यात भिकनभाऊ न आलेल्यांची यादी हातात घेऊन म्हणाले, "द्या इकडे. यातले चौघे माझ्या लायनीत राहतात. मी दार वाजवतो." आता दर महिन्याला यादी त्यांच्याकडे जाते. ज्याचा आवाज ऐकला नाही, त्याच्या नावापुढे काहीच लिहायचं नाही, असा केंद्राचा नियम झाला आहे.

गेल्या शनिवारी त्यांचा पारा एकशे बत्तीसवर थांबला. खाली ब्याऐंशी. ताई लिहायला लागल्या तर भिकनभाऊ चष्मा सावरून माझ्यावर वाकले. "थांबा. बत्तीस की तीस? नीट दखा."

"बत्तीस," ताई म्हणाल्या.

"मग बत्तीसच लिहा."

मला कपाटावरून उतरवलं त्या दिवशीसुद्धा एवढा अभिमान वाटला नव्हता.

मित्रांनो, मला दुःख मोजता येत नाही. माझ्या काचेवर त्याच्या रेघा नाहीत. मी फक्त माणसाला थोडा वेळ खुर्चीत बसवून ठेवू शकतो, विचारायचं तुम्हालाच आहे. तुमच्या घरी, शेजारी, कारखान्यात कोणाला साखर असेल, बीपी असेल, तर गोळ्या घेतल्या का एवढ्यावर थांबू नका. झोप लागते का, जेवण गोड लागतं का, हेही विचारा. 'थकवा आहे' म्हणाला तर पुन्हा विचारा. आणि एखादा चार दिवस दिसला नाही, तर तो कुठे असेल हे आपल्या मनाने ठरवू नका. जा, आणि आतून आवाज येईपर्यंत त्याचं दार वाजवा.