वरचा ओठ

"वाझ्या वाळा, फरत ये..."

काचेपलीकडे दिग्दर्शक सोहराबीने हात वर केला. पडद्यावरची आई तोंड उघडं ठेवून तशीच थबकली. फरंगीसने कानांवरचे हेडफोन मागे सरकवले आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. तोही धड लागेना. हनुवटीवरून एक ओघळ डोक्यावरच्या रुमालाच्या गाठीपर्यंत गेला.

"खानम, दातांचं काही काम केलंय का?" सोहराबीने पलीकडच्या माईकवरून विचारलं.

"नाही."

"मग 'बाळा' म्हणा की. वाळा काय? वाळा पायात घालतात."

यंत्रावर बसलेला ध्वनिमुद्रक खाली मान घालून हसला. फरंगीसने पुन्हा हेडफोन चढवले. या खेपेला तिने कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने वरच्या ओठाला बोटाने खाली दाबलं. 'ब' उमटला, पण ओल्या फरशीवर चप्पल आपटावी तसा. सोहराबीने पुन्हा हात वर केला.

तेहरानच्या त्या गल्लीतल्या डबिंग स्टुडिओत फरंगीस तीसेक वर्षं येत होती. परदेशी मालिकांतल्या शेजारणी, नर्सा, मोलकरणी, न्यायालयात पाठच्या बाकावर कुजबुजणाऱ्या बायका, हे सगळं खातं तिच्याकडे. भाजीवाल्याकडे ती भाव विचारायला लागली की मागच्या बायका वळून बघत. आवाज कुठेतरी ऐकलेला, पण कुठे ते कुणाला आठवत नसे. तिलाही त्याचं काही वाटत नसे. आवाज ओळखीचा आणि माणूस अनोळखी, यात एक निवांतपणा होता.

तो निवांतपणा गेल्या वर्षी संपला. स्टुडिओने माईकसमोर बोलणाऱ्या माणसांचेच छोटे व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकायला सुरुवात केली. फरंगीसचाही एक टाकला. लोकांनी आवाजाचं कौतुक केलं. त्याखाली कुणीतरी लिहिलं, 'आवाज मखमल आहे, पण मावशींचा वरचा ओठ कुठे हरवला?' शेकडो लोकांना ते आवडलं.

ती आधी हसली. मग आरशासमोर उभी राहिली. ओठ खरंच नव्हता. तरुणपणीही जेमतेम होता, आता नुसती रेघ उरली होती आणि तिच्यावर उभ्या सुरकुत्या. त्याच आठवड्यात सोहराबीने तिला बोलावून सांगितलं की नव्या मालिकेतल्या आईचं काम तिच्याकडे आहे. मुख्य काम. हरवलेल्या मुलाला गावोगाव शोधणारी आई, पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत. "आणि या वेळी व्हिडिओपण भरपूर काढू," तो म्हणाला. "लोकांना आतली गंमत बघायची असते."

भाची तरलान घरी आली तेव्हा फरंगीसने सहज विचारतेय असं दाखवत विषय काढला. तरलानने टाळीच वाजवली.

"आत्याजान, एवढंच ना! माझ्या डॉक्टरकडे चल. बदकासारखं तोंड नाही करत ती. अगदी किंचित. ओठ जरासा वर वळतो, बस. तुला स्वतःलाही कळणार नाही."

"कळणारच नसेल तर करायचं कशाला?"

"अगं, कळायचं नाही, पण दिसायचं! एवढंही कळत नाही तुला?"

शहराच्या उत्तर भागातल्या त्या दवाखान्यात गुलाबजलाचा वास होता आणि खुर्च्यांवर आया-मुली जोडीने बसल्या होत्या. कुणाच्या नाकावर पट्टी, कुणाच्या भुवईवर बर्फ. डॉक्टर तरुण होती, हात हलका होता. ओठाच्या कडेवर तिने चार बारीक सुया टोचल्या. "यातलं औषध कडेचा स्नायू जरा सैल करतं, म्हणजे ओठ आत वळत नाही, भरल्यासारखा दिसतो," ती म्हणाली. फरंगीस काय काम करते हे तिने विचारलं नाही. फरंगीसनेही सांगितलं नाही. आपल्या कामाचा ओठाशी काही संबंध आहे हे तीस वर्षांत तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. पायांनी चालतो याचा कोण विचार करतं?

आठवड्याभरात ओठ खरोखरच सुरेख दिसायला लागला आणि मिटेनासा झाला. घरगुती बोलण्यात ते कुणाच्या कानाला लागत नव्हतं. माईकला मात्र सगळं ऐकू येत होतं. प, ब, म. आणि त्या मालिकेतल्या आईच्या तोंडी दुसरं होतंच काय? माझ्या बाळा, माझ्या पाडसा, परत ये.

तिने स्टुडिओच्या जिन्यात उभं राहून दवाखान्यात फोन लावला. बऱ्याच वेळाने डॉक्टर फोनवर आली.

"ओठ छान दिसतोय ना, खानम?"

"दिसतोय. चालत नाहीये."

"होतं असं थोडे दिवस. स्ट्रॉने सरबत पिऊ नका आणि शीळ घालू नका, एवढं सांभाळा."

"अहो, मी बोलते! बोलायचं कामच करते मी! यावर उतारा काय?"

"उतारा नाही. दोन-अडीच महिन्यांत आपोआप उतरतं. मग हवं तर पुन्हा करू, या वेळी आणखी कमी."

फरंगीसने फोन बंद केला. कुणावर ओरडावं ते कळेना. डॉक्टर खोटं बोलली नव्हती. तरलानने बळजबरी केली नव्हती. व्हिडिओखाली लिहिणाऱ्याला तर ती ओळखतही नव्हती. राहून राहून स्वतःचाच राग येत होता, आणि तो काढायला जागा नव्हती.

सोहराबीने चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी त्याने तिला खोलीत बोलावून स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला, तेव्हाच ती समजली.

"वाहिनीवाले थांबत नाहीत, खानम. गुलनार करेल. तुम्ही बऱ्या झालात की दुसरं काहीतरी बघू."

"मी आजारी नाहीये."

"मग काय झालंय ते तरी सांगा."

या वयात ओठ भरून घ्यायला गेले होते, हे त्या माणसासमोर म्हणायला तिची जीभ वळेना. साखरेचा खडा दातांत धरून तिने चहाचा घोट घेतला. तोही ओठाच्या फटीतून गळला. सोहराबीने सभ्यपणे खिडकीकडे पाहिलं. तोंडावरून वारं गेलं असावं, अशी त्याची समजूत झाली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या स्टुडिओची झाली.

आणि गंमत अशी की ओठ कुणालाच दिसला नाही. तिचा नवरा कियूमर्स छापखान्यातून निवृत्त झालेला, दिवसभर बाल्कनीतल्या जरेनियमच्या कुंड्यांत गुंतलेला. तो एकदा जेवताना तिच्याकडे टक लावून बघत म्हणाला, "चष्मा बदललास का तू?"

"नाही!"

"मग काहीतरी वेगळं वाटतंय."

"काही वेगळं नाही. भात वाढू?"

"ओरडतेस कशाला? वाढ की."

तिने भात वाढला आणि भाताच्या तळाची खरपुडी इतक्या जोरात फोडली की तुकडे टेबलाखाली गेले. मूल नव्हतं घरात, दोघंच. तो निमूट खाली वाकून तुकडे गोळा करत बसला, तेव्हा तिला आणखी चीड आली.

तीन आठवड्यांनी गुलनारचा फोन आला. गुलनार पस्तिशीची, सालस पोरगी. आईचं काम करताना पहिल्या दिवशी तिने फरंगीसची क्षमा मागितली होती.

"फरंगीस खानम, एक सांगू? रागावणार नाही ना? मला रडता येत नाहीये. मुलगा सापडतो तो प्रसंग आहे, नदीकाठचा. मेलेला सापडतो. मी रडले की खोकल्यासारखं वाटतं. सोहराबी आगा डोकं धरून बसलेत. ते म्हणाले, शब्द तुझेच राहू देत, रडणं तेवढं..."

"रडणं तेवढं माझं?"

"हो," गुलनार हळूच म्हणाली.

"माझ्याकडून काम काढून घेतलं, आणि आता त्यातलं रडं उसनं पाहिजे? भांडीवाली ठेवलीय का मला? त्यांना सांग, स्वतः रडा म्हणावं!"

तिने फोन सोफ्यावर फेकला. सगळा दिवस ती कपाटं आवरत राहिली. आवरलेली कपाटं पुन्हा उपसली. संध्याकाळी कियूमर्सने विचारलं, "काय शोधतेयस?" तिने आणखी एक कप्पा उपसला.

पण त्या आईला ती सोडू शकत नव्हती. पहिल्या भागांची तयारी करता करता ती बाई तिच्या अंगात शिरली होती. ती बाई नदीकाठी पोचेल आणि तिच्या घशातून कुणाचातरी खोकला निघेल, हे तिला पाहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टुडिओत जाऊन उभी राहिली. सोहराबी काही बोलायला लागला, तिने हातानेच थांबवलं.

"चित्र लावा."

पडद्यावर नदी आली. बाई धावत आली, थांबली, गुडघ्यांवर बसली. फरंगीसने तोंड उघडलं. रडायला ओठ मिटावे लागत नाहीत. आवाज पोटातून आला, छातीशी अडला, तुटला, आणि श्वास आत ओढताना एक बारीक किनरा सूर निघाला, कुणी दूर दार उघडावं तसा. ती पडद्याकडे बघत होती की नाही हे तिला पुढे आठवलं नाही. बाईचं तोंड मिटलं तेव्हा तिचाही आवाज थांबला.

काचेपलीकडे गुलनार तोंडावर हात धरून उभी होती.

"पुन्हा घ्यायचंय?" फरंगीसने विचारलं.

"नको," सोहराबी म्हणाला.

ती पर्स उचलून बाहेर पडली. नावांच्या पाटीत आपलं नाव घाला असं तिने म्हटलं नाही, आणि कुणी घातलंही नाही.

हिवाळ्यात मालिका लागली. तोवर औषध उतरलं होतं. ओठ पुन्हा रेघ झाला होता आणि 'बाळा' म्हणता येत होतं. सोहराबीने तिला एका तुरुंगातल्या पहारेकरणीचं काम दिलं होतं. नदीकाठचा भाग लागला त्या संध्याकाळी तरलान घरी आली होती. टेबलावर डाळिंबाचे दाणे होते, सोललेली संत्री होती. कियूमर्स नेहमीप्रमाणे अर्धवट डुलक्या घेत होता.

बाई गुडघ्यांवर बसली. खोली त्या रडण्याने भरून गेली. तरलानचा हात डाळिंबाच्या वाटीतच राहिला.

कियूमर्सने डोळे उघडले. तो आवाज त्याने आयुष्यात एकदाच ऐकला होता, लग्नानंतर काही वर्षांनी, रश्तच्या इस्पितळात, भिंतीपलीकडून. त्यानंतर या घरात पाळण्याचा विषय कधी निघाला नव्हता. तो पडद्याकडे बघत नव्हता. तो फरंगीसकडे बघत होता. तिने मान खाली घालून संत्र्याच्या फोडीचे धागे काढायला घेतले होते.

"बापरे, काय रडलीय ही गुलनार!" तरलान डोळे पुसत म्हणाली. "अंगावर काटा आला. थांबा हं, मागे घेते, पुन्हा एकदा ऐकू या."

तिने रिमोटसाठी हात पुढे केला. कियूमर्सने तो आधीच उचलला होता.

"नको," तो म्हणाला. "एकदा पुरे."

त्याने टीव्ही बंद केला, उठला, आणि चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेला.