गंगातोटी आणि कपड्याची नीळ

माझी बायको कौशल्या काविळीनं गेली त्या दिवशी गल्लीतल्या बायका आमच्या नळाशीच जमल्या होत्या. नळाला तिनं बांधलेलं पांढरं फडकं तसंच होतं. डॉक्टर मला म्हणाले होते, "कावीळ पाण्यातून आली. तुमच्या नळाची लाइन उघड्या नालीतून जाते, घाण तिथूनच शिरते. फडकं गाळ अडवतं, रोग नाही. गल्लीला पाणी उकळून प्यायला सांगा."

मी सांगितलं. बायको गेलेल्या माणसाचं लोक थोडे दिवस ऐकतात. आमची इतवारीतली गल्लीही पाणी उकळू लागली. मग अमृतनाथ महाराज आले.

मंदिरापुढच्या नळावर ही गर्दी. महाराजांनी पेल्यात चिमूटभर पूड टाकली. पाणी जांभळं झालं.

"हे विष. हेच तुमच्या पोटात जाऊन राहिलं, फक्त दिसत नाही."

मग त्यांनी झोळीतून पितळी तोटी काढली. तिचं नाव गंगातोटी. तिच्यातून जांभळं पाणी ओतलं, खाली स्वच्छ पाणी पडलं. लोकांचे हात आपोआप जुळले.

रंभाबाईनं घोट घेतला. "आंबट लागते जरासं."

"माई, अमृत हाय. गोड असतं तर शरबत म्हटलं असतं. काशीले जाचं तर गाडी लागते. ही गंगा नळाले लागते. फक्त पाणी उकळू नका. उकळलं का त्याचा जीव जाते."

"आमचाबी जीव जाऊन राहिला महाराज, घासलेटच्या लाइनीत," देवाजी म्हणाला. सगळे हसले. तोट्या हातोहात विकल्या गेल्या.

संध्याकाळपर्यंत नळांची फडकी सुटली आणि तोट्यांना हळदकुंकू लागलं. शेजारच्या इंदूबाईचा स्टोव्ह बंद दिसला. तिची सून सुनंदा गरोदर होती. अशा बाईला कावीळ झाली तर दोन जीव जातात, हे मी डॉक्टरांकडून ऐकलं होतं.

"काहून वं इंदूबाई, पाणी नाही उकळलं?"

"महाराजानं नाही म्हटलं न, भाऊजी. पोटातल्या लेकराले जिवंत पाणी पाहिजे."

मी बोललो, ती ऐकेना. तेव्हा मी सिंधूताईंकडे गेलो. त्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी तोटीतलं पाणी जिभेवर घेतलं आणि म्हणाल्या, "भांडू नका. महाराजांना येऊ द्या."

महाराज नव्या तोट्या घेऊन मंदिरापुढच्या नळावर आले. सिंधूताईंनी तीन पेले मांडले. एकावर कौशल्याचं फडकं, दुसऱ्यावर ती गेल्यावर मी आणलेला पांढऱ्या कँडलचा फिल्टर, तिसऱ्यावर गंगातोटी. तिन्हींतून महाराजांनी पूड टाकून केलेलं जांभळं पाणी सोडलं. फडक्याखाली जांभळं, कँडलखाली जांभळं. तोटीखाली स्वच्छ.

"झाली न बाई परीक्षा?" देवाजी म्हणाला.

"अर्धी झाली." त्यांनी पिशवीतून कपड्याची नीळ काढून पाण्यात कालवली. ते पाणी फडक्यातून निळंच आलं. कँडलमधून थेंब थेंब, पण स्वच्छ आलं. गंगातोटीतून धोतर बुडवावं असं निळं.

महाराज गडबडले नाहीत. "निळा रंग शनीचा. शनीपुढं गंगेचं चालत नाही."

"अन् कावीळ कोणाची असते, महाराज?" मागून सुनंदानं विचारलं. "तिच्यापुढं चालते का?"

महाराजांना ढास लागली. इंदूबाईनं घाईनं नळाला लावलेल्या तोटीखाली दुसरा पेला भरून पुढं केला. "घ्या न, तुमचंच अमृत हाय."

त्यांनी तो घेतला नाही. झोळीतून थर्मास काढला. गल्लीतल्या कवडूनं तो त्यांच्या हातातून घेऊन झाकण उघडलं. आतून वाफ आली.

"उकळलेलं हाय गा," कवडू म्हणाला. "जीव गेलेलं."

सिंधूताईंनी तोटी फिरवून उघडली. आत स्पंजचा तुकडा आणि पांढरा ओला चुरा. त्यांनी दुकानातून आणलेली सी जीवनसत्त्वाची गोळी चुरून जांभळ्या पेल्यात टाकली, ढवळली. रंग गेला. तोटी नव्हती, मंत्रही नव्हता.

"ही पूड म्हणजे साथीत विहिरीत टाकतात ती लाल दवा," त्या म्हणाल्या. "औषधाला विष म्हणायचं आणि आंबट गोळीनं त्याचा रंग घालवायचा. पाण्यातली घाण तिथंच राहते."

"मंग भाऊजीचा फिल्टर बरा न?" रंभाबाईनं विचारलं.

"फडक्यापेक्षा बरा, निळीसारखा बारीक गाळही अडवतो. पण काविळीचा जंतू त्याहून बारीक. त्यातलंही पाणी उकळायचंच."

एवढ्यात महाराज गेले. थर्मास राहिला.

माझं म्हणणं साधं आहे. स्वच्छ दिसणारं पाणी स्वच्छ असतंच असं नाही. कोणी चमत्कार दाखवला तर त्याची पूड बाजूला ठेवा, आपल्या घरची नीळ द्या आणि पाहा. मग हात जोडायचे की नाही ते ठरवा. तोवर पाणी उकळा.

सुनंदाला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. गल्लीत आता सगळे पाणी उकळतात. पण नळाची लाइन अजून त्याच उघड्या नालीतून जाते. ती बदलायची राहिली आहे.