चिपवरची काळी पट्टी

१९८३चा जून. शिकागोच्या प्रदर्शनात हॅलने आमच्या व्हिडिओ गेमची चिप, गेमला जोडलेली तशीच, पारदर्शक डबीत मांडली होती, आणि तिच्यावरची काळी पट्टी सोलून फेकून दिली होती. "बघ, कशी दागिन्यासारखी दिसते!" म्हणे.

या चिपच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते. तिच्यातून प्रखर उजेड आत गेला की गेम बिथरतो, म्हणून तर पट्टी! पण हॅल प्रूइट पडला मालक. त्याला विकण्यातलं कळतं, चिपमधलं ओ की ठो कळत नाही. मी पट्टी शोधायला वाकले, तेवढ्यात मिसेस कोव्हाक आल्याच. खेळण्यांच्या शंभर दुकानांची खरेदी त्यांच्या हातात. त्यांनी ऑर्डर दिली तर आमची नऊ माणसांची कंपनी नाताळपर्यंत जगणार होती. नाहीतर सोमवारी टाळं.

बाई खेळायला बसल्या. हरल्या, हसल्या, पुन्हा खेळल्या. माझा जीव भांड्यात पडतोय तोच कुठल्याशा मासिकाचा फोटोग्राफर पुढे घुसला आणि त्याने कॅमेरा रोखला. वर हा एवढा फ्लॅश! मी झटकन डबीवर पंजा ठेवला.

कोव्हाकबाई थांबल्या. "काय लपवतेस गं? दुसऱ्याचा गेम तर नाही ना उचललात? यंदा असले चोर ढीगभर भेटलेत मला."

"छे छे!" हॅल म्हणाला. "आमचं गुपित तंत्र आहे ते. पेटंट घेतलंय." साफ थाप!

बाईंनी माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं. "लॉर्ना, हात काढ."

हॅलने माझा पाय दाबला. गेला उडत! आठ महिने रक्ताचं पाणी करून तो गेम मी लिहिला होता, तो काय चोर म्हणवून घ्यायला? "कसलं पेटंट नि कसलं काय, मॅडम! उजेडाने ही चिप बिथरते, एवढंच. दुकानात येईल तिला ही खिडकीच नसेल. काढ रे फोटो!"

फ्लॅश उडाला. पडद्यावर नुसता रंगांचा चिखल. मी बटण बंद केलं, पुन्हा लावलं. पडदा काळाच. हॅल देवाचं नाव घेत होता, आणि खोटं कशाला बोलू, मीही. मग गेम सुरू झाला, अगदी ठणठणीत.

बाई हसल्या. "गेम झकास आहे, पोरी. आणि तू खरं बोललीस." मग हॅलकडे बघत त्यांनी पर्स उचलली. "पण करारावर सही याची असणार ना?"

त्या गेल्या त्या गेल्याच. हॅल माझ्यावर खेकसला, "गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

मी फोन शोधायला निघाले. बाकीच्या सात जणांना फोन करून सोमवारी येऊ नका म्हणून सांगायचं होतं, आणि तेही त्याने माझ्यावरच ढकललं.